हंगाम हरून संपला, तर निदान या चुका टाळा

फुटबॉलच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्याची शिट्टी वाजते, पोरं मैदानातच बसकण मारतात आणि कोच त्यांना गोळा करून भाषण सुरू करतो. दर वर्षी हे बघतो आणि दर वर्षी जीव तुटतो. त्या वेळी कानावर पडलेलं काहीही खेळाडूच्या डोक्यात शिरत नाही. लक्षात राहते ती फक्त कोचची नजर.

मी हे एका पोराला दुखावून शिकलो. आम्हाला बरोबरीही पुरली असती. 1-1 चालू होतं आणि 88व्या मिनिटाला समोरच्यांना कॉर्नर मिळाला. आमच्या स्टॉपरच्या, म्हणजे गोलसमोर मध्ये बचाव करणाऱ्या त्या पोराच्या, पाठीमागून त्यांचा एक जण मोकळा सुटला, हेडर, गोल. वरच्या गटात जायचं राहून गेलं. ड्रेसिंग रूममध्ये मी वीस-पंचवीस मिनिटं बोललो. 'आपलं लक्ष उडालं', 'आपण शेवटपर्यंत लढलो नाही'. कोणाचंही नाव घेतलं नाही, याचं तेव्हा मला समाधानही वाटलं होतं. तो पोरगा एक बूट काढून बसला होता. दुसऱ्या बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. नव्या हंगामाच्या सरावाला तो आलाच नाही. दोन महिन्यांनी भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही 'आपण' म्हणत होतात, पण बघत माझ्याकडेच होतात."

तेव्हापासून हरल्यावर मी एकच वाक्य बोलतो: "आज घरी जा, जेवा, झोपा, चार दिवसांनी बोलू." मग प्रत्येकाशी हात मिळवतो. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याशी सगळ्यात आधीही नाही आणि सगळ्यात शेवटीही नाही, मध्येच कुठेतरी. भाषण करून मोकळा होतो तो कोच, खेळाडू नाही.

चार दिवसांनी बोलायचं ते एकेकट्याशी. मी मैदानाला चकरा मारत बोलतो, कारण समोरासमोर खुर्च्या टाकल्या की पोरं चौकशीला बोलावल्यासारखी आखडतात. 'या वर्षी मजा कधी आली?' आणि 'काय खुपतंय?' एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणंच कोचना जमत नाही. एका गोलकीपरला गोल खाल्ल्याचं वाईट वाटत असेल असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या चकरेला तो म्हणाला, "मी बॉल माझा म्हणून ओरडतो, तरी आपले बचावातले बॅक मधे घुसतातच." त्याला धीर नको होता, उपाय हवा होता. पुढच्या सरावापासून आम्ही हाक ठरवून घेतली, आणि हाक आली की बॅकने बाजूला व्हायचं हेही.

दुसरी चूक म्हणजे बायर्न म्युनिक या जर्मन क्लबची अर्धीच गोष्ट सांगणं. नव्या कोचना ही फार आवडते. 2012 मध्ये बायर्न लीगमध्ये दुसरे आले, जर्मन कपची फायनल हरले आणि 19 मे रोजी स्वतःच्याच मैदानावर चॅम्पियन्स लीगची फायनल चेल्सीकडून पेनल्टींवर हरले. जादा वेळेत बायर्नच्या रॉबेनची पेनल्टी चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेक याने अडवली होती. तीनच दिवसांनी त्याच मैदानावर रॉबेन नेदरलँड्सकडून मैत्रीपूर्ण सामना खेळायला उतरला, तेव्हा बायर्नच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वर्षभराने 25 मे 2013 रोजी वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्ध 89व्या मिनिटाला त्यानेच विजयी गोल केला आणि बायर्नने त्या हंगामात तिन्ही किताब घेतले. गोष्ट खरी आहे, पण 'बघा, जिद्द असली की होतं' म्हणून ती संपवू नका. त्या उन्हाळ्यात बायर्नने हावी मार्टिनेझ, दांते आणि मांझुकिच यांना आणलं, आणि बॉल गेल्या गेल्या पुढे जाऊन समोरच्यांना दाबणं संघाच्या अंगात मुरवलं. कोच मात्र हाइंकेसच राहिला. नुसती जिद्द मागितलीत आणि खेळात काहीच बदललं नाहीत, तर पोरं पुढच्या वर्षी त्याच जागी हरतील आणि आपल्यातच जिद्द नाही असं मानून बसतील.

बाकीच्या चुका थोडक्यात. शिक्षा म्हणून राउंड मारायला लावू नका, धावणं कायमचं नकोसं होतं. खोटं कौतुक करू नका, आपण वाईट खेळलो हे खेळाडूला तुमच्याआधी कळलेलं असतं. रागाच्या भरात कॅप्टन बदलू नका. रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकू नका. बेंचवर बसलेल्यांना विसरू नका, हरण्याचं दुःख त्यांनाही असतं आणि वर खेळायला न मिळाल्याचंही. आणि सुट्टी द्या. दोन आठवडे बॉल नको, मग हलकं पळणं किंवा पोहणं सुरू करा. महिनाभर सगळंच बंद ठेवलं तर दम उतरतो, म्हणून तेवढं लांबवू नका. दुसऱ्याच दिवशी 'लोहा गरम आहे' म्हणत सराव लावणारे कोच मी पाहिले आहेत. त्यांच्याकडची पोरं नव्या हंगामाच्या मध्यावरच थकलेली असतात.

शेवटचं, व्हिडिओ. झालेला गोल सगळ्यांसमोर लावू नका. त्या खेळाडूला एकट्याला दाखवा, आणि गोलच्या पाच मिनिटं आधीपासून दाखवा. आमचा तो कॉर्नर मी खूप उशिरा नीट पाहिला. 85व्या मिनिटाला मी एक बॅक बदलला होता आणि कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं हे पुन्हा सांगितलं नव्हतं. स्टॉपर त्याच्या माणसाला धरूनच उभा होता. सुटलेला माणूस बाहेर गेलेल्या बॅकचा होता. मी त्या पोराच्या घरी जाऊन त्याला तो तुकडा दाखवला. त्याने तो तीनदा पाहिला आणि विचारलं, "सर, सराव किती वाजता असतो हल्ली?"