राईडिंग मॉवरचा प्लग बदलताय? जुना लगेच फेकू नका

वर बसून चालवायचा गवत कापायचा मॉवर सकाळी चालू व्हायला कुरकुर करतो, चालू झाला तरी चढावर मध्येच ठसकतो, असं व्हायला लागलं की बहुतेकजण पहिले कार्बोरेटर उघडायला घेतात. आधी स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारा प्लग, काढून बघा हो, पाच मिनिटांचं काम आहे, आणि तो प्लग इंजिनच्या आत काय चाललंय ते बरंच सांगून जातो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, चावी काढून खिशात ठेवा, पार्किंग ब्रेक लावा. सिंगल सिलिंडर असेल तर एक प्लग, ट्विन असेल तर दोन, आणि बदलायचे तर दोन्ही एकदम. प्लगची कॅप वायरला धरून ओढू नका, वायर आतून तुटते, कॅपलाच धरून जरा फिरवत फिरवत काढा. मग प्लगभोवतीची माती आणि गवताचा भुसा ब्रशने साफ करा, ही पायरी खूप लोक सोडतात आणि प्लग निघाला की तो कचरा सरळ सिलिंडरमध्ये जातो. पान्याचा सॉकेट बहुतेक इंजिनांना ५/८ किंवा १३/१६ इंची लागतो, आत रबर असलेला घ्या म्हणजे प्लगच्या चिनी मातीला तडा जात नाही.

आता जुना प्लग उजेडात धरा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिनची तब्येत ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी जातेय, म्हणजे एअर फिल्टर बघा, बऱ्याचदा तोच गच्च भरलेला असतो. ओलं तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय, कधी नुसतं ऑइल जास्त भरल्यामुळे, कधी पिस्टनची रिंग झिजल्यामुळे. पांढरं पडलेलं, फोड आल्यासारखं टोक म्हणजे इंजिन तापतंय, अशावेळी वरचं कव्हर काढून कूलिंग फिन्समध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमध्ये, अडकलेलं वाळलं गवत काढा. कारण न शोधता नुसता नवा प्लग घातला तर तोही काही दिवसात तसाच होणार.

नवा प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचाच घ्या. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकाची फट, बहुतेक ठिकाणी ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिमी असतो, पॅकेटवर भरवसा न ठेवता फीलर गेज (ठराविक जाडीची पातळ पाती) घालून बघा, पातं हलकं घासत गेलं पाहिजे. आता सगळ्यात नाजूक भाग. प्लग बसतो ते सिलिंडरचं हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि एकदा घाईत मी प्लग डायरेक्ट पान्याने फिरवला तर आटे गेले, प्लग बदलायच्या कामात हेड काढायची वेळ आली. तेव्हापासून प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा बसवतो आणि त्यानेच फिरवतो, प्लग वाकडा बसत असेल तर नळी आपोआप घसरते, आटे वाचतात. हाताने पूर्ण टेकला की मग पाना, वॉशरवाला नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा, तेवढं बास. कॅप टक आवाज येईपर्यंत दाबा.

प्लग दर १०० तासांनी नाहीतर वर्षातून एकदा बदला. ऑइल साधारण ५० तासांनी, नव्या इंजिनचं पहिलं मात्र ५ ते ८ तासातच, आणि इंजिन कोमट असताना काढा म्हणजे गाळासकट येतं. भरताना डिपस्टिक बघत बघत भरा. एअर फिल्टरवरचा फोमचा प्री-क्लीनर २५ तासांनी साबणपाण्याने धुवून पूर्ण वाळवा, कागदी फिल्टर मात्र धुवू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, कागदाला भोकं पडतात.

पात्यांना हात लावायच्या आधी प्लगची कॅप काढलीच पाहिजे, आणि मॉवर नुसत्या जॅकवर उभा करून खाली हात घालणं फार धोक्याचं, खाली स्टँड पाहिजेतच. धार लावून झाली की पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्याला अडकवून बघा, एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचं अजून थोडं घासा, नाहीतर थरथरीने स्पिंडलचं, म्हणजे पातं फिरतं त्या दांड्याचं, बेअरिंग जातं. डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, खाली चिकटलेलं ओलं गवत त्याच दिवशी खरवडून काढा, पत्रा तिथूनच गंजतो.

महिनाभराच्या वर मॉवर उभा राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घाला आणि मोकळ्या हवेत दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. बॅटरी काढताना आधी मायनस, परत लावताना मायनस शेवटी.