स्लॅश कॉर्ड वाजवताय? मग या चुका टाळा

गिटारच्या कॉर्ड शीटवर, म्हणजे गाण्याच्या कॉर्ड लिहिलेल्या कागदावर, 'डी/एफ शार्प' अशी तिरप्या रेघेची स्लॅश कॉर्ड दिसली की शिकाऊ पोरं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर तिरप्या रेघेनंतरचं गाळून सरळ डी वाजवतात, नाहीतर 'दोन्हीतलं कुठलंही चालत असेल' म्हणून मनाला येईल ते धरतात. रेघेचा हिशोब साधा आहे. रेघेआधी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर; रेघेनंतर बास, म्हणजे सगळ्यांत खालचा सूर. कॉर्ड डीचीच, पण कानाला सगळ्यांत खालचा सूर एफ शार्प ऐकू आला पाहिजे.

'सर, नुसती डी मारली तरी चालते ना?' हा प्रश्न दर बॅचला येतो. जळगावात 'चालते' म्हटलं की विषय संपतो, म्हणून मी तो संपू देत नाही. जी, मग डी/एफ शार्प, मग ई मायनर ही चाल घ्या. बास उतरतो जी, एफ शार्प, ई. जीला सा धरलं तर सा, नि, ध. आता मधे नुसती डी मारा. बास होतो सा, प, ध. उतरण गेली आणि मधेच उडी आली. गाणं बेसूर होत नाही, म्हणूनच पोरांना चूक कळत नाही. पण रचनाकाराने ती रेघ ज्या उतरणीसाठी लिहिली होती, ती तुम्ही पुसून टाकलीत.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी कॉर्ड धरायलाच मिळत नाही. फक्त जाड सहावी तार: तिसरा फ्रेट (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं घर), दुसरा फ्रेट, मोकळी (न दाबता). सोबत तोंडाने सा, नि, ध. ज्यांच्या घरी भजनी मंडळ आहे, पेटीवर हात फिरलेला आहे, त्यांना हे लगेच पटतं. पाच मिनिटांच्या व्हिडिओवरून शिकून आलेले मात्र वैतागतात, त्यांना बोटांचा आकार हवा असतो. आकार मिळेल, घाई कसली? आधी उतरण कानात बसू द्या.

एक फुटकळ गोंधळ इथेच मिटवून टाकू. 'खालचा सूर' म्हटलं की नवखे लोक मांडीच्या बाजूची बारीक तार पकडतात. सूर खालचा, पण तार वरची, जाड. डी कॉर्डमध्ये बारीक तारेवर दुसऱ्या फ्रेटला एफ शार्प आधीपासून असतोच, त्याने डी/एफ शार्प होत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: नको असलेली तार मोकळी सोडणं.

जी/बी घ्या. पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट म्हणजे बी. तो नीट दाबलेला असतो, बोट जागेवर असतं, आणि गडी सहाच्या सहा तारांवरून पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, ओढतो. वरची जाड तार मोकळी, म्हणजे ई. ई, जी, बी, डी एकत्र वाजले की ती ई मायनर सेव्हन झाली. कागदावर जी/बी आणि कानाला भलतंच. सी, जी/बी, ए मायनर या चालीत तर हे फारच झोंबतं. बास सी, बी, ए असा पायरीपायरीने उतरायला हवा, आणि त्याच्या पोटात तो मोकळा ई घुमत राहतो. पोरं म्हणतात गिटार खराब आहे. काही जण तर नवीन तारा टाकून येतात.

उपाय डाव्या हातात आहे. पाचवी तार दाबणाऱ्या बोटाचं टोक किंचित पुढे सरकवून सहाव्या तारेला नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही, टेकवायचं. तार 'ठप' अशी मेली पाहिजे. खात्रीसाठी एकेक तार सुटी छेडून ऐका: सहावी मुकी, पाचवी स्वच्छ, मग बाकीच्या. काही जण अंगठा वरून आणून हेच काम करतात, तेही बरं. 'मी पिकच पाचव्या तारेपासून मारेन' असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बसून वाजवताना जमतं, उभं राहून गाणं म्हणताना पिक वर सरकतोच.

डी/एफ शार्पला अंगठा वापरावा की नाही, यावर पोरं तावातावाने भांडतात. मी बहुतेकांना अंगठा सोडायला सांगतो. मधलं बोट सहाव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, त्याच्याच अंगाने पाचवी तार मुकी, चौथी मोकळी, तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्याला. बारीक तार सोडून द्या, कोणाचं काही अडत नाही. अंगठ्याने तार बाजूला ओढली जाते आणि सूर चढतो. शिवाय नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची मान नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) साधारण 52 मिलिमीटर रुंद असते, स्टीलच्या तारांवाल्या गिटारची 43 च्या आसपास. रुंद मानेवरून अंगठा आणताना मनगट मुरगळून घेणारी पोरं पाहिली आहेत. उगाच हट्ट.

दुसरी मोठी चूक पट्टी बदलताना होते, आणि ती चारचौघांत उघडी पडते.

यावलकडे एका हळदीला माझा एक विद्यार्थी वाजवायला गेला होता, मी ऐकायला. अहिराणी गाण्यांवर पोरं नाचून दमली, मग गायकाने एक संथ गाणं काढलं. शीट जीमध्ये होती: जी, डी/एफ शार्प, ई मायनर. गायक म्हणाला, 'पांढरी पाच खाली पडते, पांढरी सहा घे.' पेटीच्या भाषेत पांढरी पाच म्हणजे जी, पांढरी सहा म्हणजे ए. पोराने शीट पुन्हा लिहून काढली आणि भुसावळहून आलेल्या बास गिटारवाल्यालाही एक प्रत दिली. रेघेआधीची अक्षरं त्याने बरोबर चढवली: जीची ए, डीची ई, ई मायनरची एफ शार्प मायनर. रेघेनंतरचं अक्षर मात्र तसंच ठेवलं. म्हणजे ई/जी शार्पच्या जागी ई/एफ शार्प.

झालं काय, बास उतरायचा होता ए, जी शार्प, एफ शार्प. वाजला ए, एफ शार्प, एफ शार्प. सा, ध, ध. नि गायबच. शिवाय ई कॉर्डमध्ये एफ शार्प हा सूरच नाही, त्यामुळे मधली कॉर्ड लोंबकळत राहिली. गायक प्रत्येक कडव्याला त्याच जागी मान वळवून कीबोर्डवाल्याकडे बघायचा. कीबोर्डवाला बिचारा निर्दोष, त्याने ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी आपोआप बदलणारं, बटण दाबलेलं. मांडवाच्या मागे गेल्यावर पोराने बासवाल्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, 'तू लिहिलं तेच वाजवलं भो.'

पट्टी बदलली की रेघेच्या दोन्ही बाजू सारख्याच सरकतात. मी चढवताना आधी बासची ओळ लिहितो, गाऊन बघतो, आणि मग तिच्या डोक्यावर कॉर्ड बसवतो. कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, असेल तर हा ताप वाचतो: दुसऱ्या फ्रेटला लावा, आकार जीचेच धरा. फक्त बासवाल्याला आकाराचं नाव सांगू नका. तुमच्या हाताला डी/एफ शार्प असलं तरी वाजतंय ई/जी शार्प, आणि त्याच्याकडे कॅपो नसतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. बास आणि कॉर्ड एकदमच खरवडू नका, आधी बासची तार एकटी छेडा, मग उरलेल्यांवरून पिक ओढा. सी/ई साठी वेगळा आकार शोधत बसू नका, नेहमीच्या सीमध्ये सहावी तार मोकळी वाजवली की झालं. ए मायनर/जी साठी ए मायनर तसाच ठेवून करंगळी सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. करंगळी पोचत नाही म्हणणाऱ्यांनी आधी कोपर अंगाला चिकटवणं थांबवावं. 'सी 6/9' ही स्लॅश कॉर्ड नव्हे, तिथले आकडे म्हणजे कॉर्डमध्ये मिळवायचे सूर.

आणि मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवू नका. बाहेर पारा 45 अंशांच्या आसपास असताना गाडीच्या आत डिंक सैल होतो, ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा अडकवलेली पट्टी) उचलतो, तारा फ्रेटपासून वर जातात. मग दुसऱ्या फ्रेटवरचा एफ शार्प दाबता दाबता चढा लागतो, आणि पोरगं बोटांना दोष देत बसतं.

ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तर आधीच ठरवून घ्या, खालचा सूर कोणाचा. बासवाला असेल तर तो त्याचा. तुम्ही बारीक तारांवर साधी डी वाजवलीत तरी एकूण डी/एफ शार्पच ऐकू येतं. पण कीबोर्डवाल्याचा डावा हात सवयीने डीवर बसलेला असेल, तर तुमचा एफ शार्प कितीही स्वच्छ असला तरी त्याखाली डी वाजणारच. त्याला डावा हात उचलायला सांगा.