बांधामागचा जळका टी-५५ : कुवेतच्या वाळवंटाचा डायोरामा कसा करावा

१९९१च्या आखाती युद्धात इराकी सैन्याने आपले अनेक रणगाडे वाळूच्या बांधामागे खड्ड्यांत उतरवून, नुसता वरचा टरेट (तोफेचा फिरता बुरूज) बाहेर राहील अशा बेताने उभे केले होते, आणि माघार घेताना कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या. डायोरामासाठी, म्हणजे अशा प्रसंगाच्या छोट्या त्रिमितीय देखाव्यासाठी, असा एक जळालेला टी-५५ रणगाडा पुरेसा आहे. गाड्यांची गर्दी केली की वाळवंटाचा उघडेपणाच नाहीसा होतो.

तोफेसह सुमारे ९ मीटर लांबीचा हा रणगाडा १:३५ प्रमाणात जवळपास २६ सेंटिमीटर भरतो, तेव्हा प्लायवूडचा पाया ४० बाय ३० सेंटिमीटरचा घ्यावा. त्यावर थर्माकोल कापून मागून उघडा, तीन बाजूंनी बंद असा बांध चिकटवावा आणि वॉल पुट्टीने पूर्ण झाकावा, कारण उघड्या थर्माकोलवर स्प्रेचा रंग पडला की थर्माकोल विरघळतो. पुट्टी ओली असतानाच मागच्या बाजूने आत आलेल्या रणगाड्याच्या साखळीपट्ट्यांचे ठसे उमटवावेत.

बांधकामाची वाळू तशीच वापरू नये. या प्रमाणात एक मिलिमीटरचा कण म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा खडा! वस्त्रगाळ केलेली माती पसरावी, मोजके जाड कण बांधाच्या पायथ्याशी टाकावेत आणि एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी व भांड्यांच्या साबणाचा एक थेंब यांचे मिश्रण ड्रॉपरने सोडावे.

खरे कौशल्य रणगाड्यात आहे. नवशिके त्याला सरसकट काळा फासतात. प्रत्यक्षात जळालेल्या पोलादावर तपकिरी-नारिंगी गंज चढतो, तापलेल्या भागावर राखेचा पांढुरका थर राहतो, आणि काळेपणा मुख्यतः झाकणांच्या व भोकांच्या वरच्या अंगाला दिसतो. चाकांवरचे रबर जळून जाते. ते रणगाड्याच्या मॉडेल-किटमधल्या चाकांवरून कानशीने काढावे, म्हणजे रणगाडा आपोआप किंचित खाली बसतो.

तेलविहिरींची काजळी शेवटी द्यावी. कुवेतमध्ये वारा प्रामुख्याने वायव्येकडून वाहतो, म्हणून पायाची वायव्य बाजू आधी ठरवून पातळ काळा-तपकिरी रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) त्याच बाजूने मारावा. मग सर्वत्र मॅट (बिनचमकीचे) वार्निश द्यावे आणि ते वाळल्यावरच जुन्या टूथब्रशने चकचकीत काळ्या रंगाचे बारीक शिंतोडे उडवावेत. क्रम उलटला तर तेलाच्या थेंबांची चमक मॅटखाली मरते.