घोंगडीला लागलेली कसर नेमकी कोणती?

कपाटातून पतंग उडाला की सगळे 'कसर लागली' म्हणतात आणि डांबरगोळ्या टाकून मोकळे होतात. त्याआधी अळीचं घर बघा, पतंगापेक्षा ते ओळखायला सोपं.

१. भिंतीवर काकडीच्या बीसारखी चपटी, दोन्ही टोकांना निमुळती राखाडी पिशवी: ही अळी जळमटं, केस, मेलेले किडे खाते. लोकर मिळाली तर तीही. झाडून काढा.

२. घोंगडीवर तांदळाएवढी गोल नळी, लोकरीच्याच रंगाची, अळीसोबत सरकणारी: नळीवाली कसर.

३. नळी नाही, पण लोकरीला चिकटलेलं रेशमी जाळं: जाळेवाली. हिचा पतंग सोनेरी, डोक्यावर तांबूस झुबका, उजेड दिसला की लपतो.

दिव्याभोवती फिरणारा बहुधा ज्वारीच्या डब्यातला. कपाट सोडा, धान्य चाळा!

दोन आणि तीनसाठी घोंगडी, शाल कडक उन्हात ब्रशने झाडा, शिवणी उलटून. सोलापूरला उन्हाची काय कमी! लहान शाल पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवली तरी चालते.

आपली सोलापुरी चादर सुती. स्वच्छ असेल तर या अळ्या सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

डांबरगोळी ठेवायचीच तर जरीला टेकवू नका, आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका.