लष्करी देखावा मांडताना पाटाच्या कडेला समांतर राहू नका

दिवाळीत किल्ला करणाऱ्या बेळगाव-खानापूरकडच्या हातांना माती, उंचवटे आणि मावळे मांडण्याची सवय असतेच; मात्र 1:35 प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या प्रतिकृतींच्या लष्करी देखाव्यात तीच सवय थोडी आडवी येते, कारण किल्ल्यावर आपण मोकळी जागा दिसली की तिथे एक मावळा उभा करतो, आणि इथे रिकामी जागाच नजरेला वाट दाखवते.

या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक बरोबर पाच सेंटिमीटरचा होतो आणि दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणून एक जीप व तीन सैनिक यांना वीस सेंटिमीटरचा चौरस पाट पुरेसा आहे. जीप पाटाच्या कडेला समांतर ठेवू नये. ती पंधरा-वीस अंश तिरकी व मध्यापासून किंचित बाजूला ठेवली की थांबलेली गाडीही चालती वाटते. सैनिकांच्या नजरा एकाच गोष्टीकडे, समजा बॉनेट उघडून वाकलेल्या चालकाकडे, वळवाव्यात. चिकटवण्यापूर्वी सगळे सुटे मांडून मोबाइलवर काळापांढरा फोटो काढावा. रंग गेले की गर्दी कुठे झाली आहे ते लगेच उमगते.

आपली तांबडी माती वापरायची तर ती कोरडी करून मलमलीतून चाळावी, कारण एक मिलिमीटरचा खडा इथे साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते मातीत नीट मुरते.