मित्राची गिटार हाताला हलकी का लागते? घरच्या घरी सेटअप करताना

चार गिटारवाले एकत्र जमले की अर्ध्या तासात वाद्यांची अदलाबदल सुरू होते. मग कुणीतरी दुसऱ्याच्या गिटारवर एक बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरायचा कॉर्ड) धरतो, भुवया उंचावतो आणि विचारतो, "काय स्मूथ आहे रे! कितीला घेतलीस?" प्रश्न इथेच चुकतो. माझ्या सतरा हजारांच्या गिटारपेक्षा मित्राची सहा हजारांची मला कायम सोपी जायची, आणि त्याचं खापर मी दोन वर्षं स्वतःच्या बोटांवर फोडत होतो. शेवटी जुलैतल्या एका रविवारी दोन्ही गिटार गादीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पट्टी लावली. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, नेकवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) त्याची सहावी, म्हणजे सगळ्यांत जाड, तार फ्रेटपासून २.४ मिलिमीटर वर होती, माझी ३.४. हा एक मिलिमीटर मी दोन वर्षं रोज दाबत होतो.

तेव्हापासून माझा नियम असा: कुणाची गिटार आवडली तर किंमत किंवा ब्रँड विचारायचा नाही, आकडे उतरवून घ्यायचे. तारांचा गेज म्हणजे जाडी, नेकचा बाक, बाराव्या फ्रेटवर सहाव्या आणि पहिल्या तारेची उंची, आणि नटापासून (वर खुंट्यांपाशी तारा टेकतात ती पट्टी) सॅडलपर्यंतची (खाली पोटावर तारा टेकतात ती पट्टी) लांबी म्हणजे स्केल. एवढं हातात आलं की त्या गिटारची चाल आपल्या गिटारमध्ये बऱ्यापैकी आणता येते. यालाच सेटअप म्हणतात. पुढचं सगळं स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकला धरून लिहितोय, इलेक्ट्रिकवाल्यांसाठी मध्ये मध्ये थांबतो.

काय लागेल

अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, शून्य अगदी टोकापासून सुरू होणारी. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. फोनवरचा ट्यूनर चालेल. गिटारसोबत आलेली ॲलन की (षटकोनी चावी), जी बहुतेकांनी हरवलेली असते. दोन प्रकारचा पॉलिश पेपर, १२० आणि २२० नंबरचा. आणि फीलर गेज. तो संगीताच्या दुकानात शोधत बसू नका, बाइकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तोच हा पात्यांचा जुडगा, स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतो. नसेलच तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, त्याच्या घड्या घालून काम भागतं.

पहिली पायरी: तारा

गंजक्या तारांवर सेटअप करणं म्हणजे फाटक्या चपलेला पॉलिश. नव्या तारा चढवा, हलक्या हाताने ओढून ताणा, सुरात लावा, आणि रात्रभर तशाच राहू द्या. मोजमाप दुसऱ्या दिवशी.

कोणता गेज घ्यायचा यावर गिटारवाल्यांची भांडणं संपत नाहीत. 'बाराचा सेट' म्हणजे पहिली, सगळ्यांत बारीक, तार ०.०१२ इंच जाडीची. अकूस्टिकवर बहुतेक वेळा बारा किंवा अकराचा सेट असतो, इलेक्ट्रिकवर नऊ किंवा दहाचा. बाराचा सेट सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो, म्हणजे एक मोठा माणूस त्या नेकला सतत लोंबकळतोय असं समजा. अकरावर आलात तर बोटांना लगेच सुटका जाणवते, आवाज थोडा बारीक होतो.

जाड तारांशिवाय टोन नाही, असं छातीठोक सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. त्याला टेक्ससच्या दोन गिटारवादकांची उदाहरणं सांगा. स्टीव्ही रे वॉन तेराची जाड तार लावायचा, पण गिटार अर्धा सूर खाली उतरवून. त्याच टेक्ससचा बिली गिबन्स सातच्या तारा वापरतो, केसासारख्या बारीक. दोघांचाही टोन लोक अजून शोधत फिरतात.

इथे स्केलचा आकडा कामाला येतो. दोन प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार घ्या: फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं (स्ट्रॅटचं) स्केल २५.५ इंच, गिब्सन लेस पॉलचं साधारण २४.७५. त्याच तारा, तोच सूर, पण आखूड स्केलवर ताण कमी. म्हणून लेस पॉलवाल्या मित्राचा दहाचा सेट तुमच्या स्ट्रॅटवर कडक लागला तर नवल नाही. तुम्ही नऊ-साडेनऊचा लावून बघा.

दुसरी पायरी: नेकचा बाक

नेक अगदी सरळसोट नको, किंचित आत वाकलेला हवा. तार कंपते तेव्हा मध्यावर तिचा झोका सगळ्यांत मोठा असतो, त्याला जागा लागते. मोजायचं असं: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा. आता ती तारच तुमची सरळ फूटपट्टी झाली. सातव्या फ्रेटच्या आसपास तार आणि फ्रेट यांच्यामध्ये फीलर गेजचं पातं सरकवा. ०.१५ ते ०.३० मिलिमीटरमध्ये असेल तर इथे हात लावू नका, पुढे चला. माझ्या गिटारमध्ये ०.६ निघालं.

हे दुरुस्त करतो तो नेकच्या पोटातला ट्रस रॉड, धातूची सळई. फिरवता येणारा रॉड गिब्सनने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला, थॅडियस मॅकह्यू या त्यांच्याच माणसाच्या पेटंटवर. त्याचं चावी लावायचं टोक कुठे हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या डोक्यावरच्या) झाकणाखाली असतं, कुठे साउंडहोलमधून आत. त्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की नेक सरळ होतो, उलट फिरवलं की बाक वाढतो. एका वेळी पाव फेरा. मग पुन्हा सुरात लावा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. चावी अडली आणि जोर लावावासा वाटला की थांबायचं आणि गिटार कारागिराकडे न्यायची. रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीएवढा होतो. बऱ्याच क्लासिकल गिटारमध्ये रॉड नसतोच, तेव्हा आधी तो आहे का ते बघा.

दोन पाव फेऱ्यांत माझा बाक ०.२५ वर आला आणि तारेची उंचीही ३.४ वरून ३.१ झाली. पण म्हणून उंची कमी करायला ट्रस रॉड पिळत बसू नका. ते काम सॅडलचं.

तिसरी पायरी: नट बघा, कापू नका

नट म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पांढरी पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते उजेडाकडे धरून बघा. जेमतेम दिसेल न दिसेल एवढी हवी.

आणखी सोपी परीक्षा आहे. एफचा बार कॉर्ड जिवावर येतो, पण तोच आकार पाचव्या फ्रेटवर ए म्हणून सहज वाजतो? मग खाचा उंच आहेत. कितीतरी मुलं एफपाशी गिटार सोडून देतात आणि आपल्याला जमत नाही म्हणतात. बिचाऱ्यांचा नट उंच असतो. खाचा खोल करायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, आणि एक घासा जास्त पडला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते. एवढं एक काम मी अजूनही पैसे देऊन करून घेतो.

चौथी पायरी: सॅडल

खरा फरक इथे पडतो. कॅपो काढा, बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. डोळा तारेच्या पातळीवर आणा, वरून बघितलंत तर हमखास चुकाल. अकूस्टिकला सहावी तार २.४ ते २.८ आणि पहिली १.८ ते २.० मिलिमीटर, हा बहुतेकांना सोसणारा पट्टा. जोरात स्ट्रमिंग करत असाल तर वरच्या टोकाला रहा, बोटांनी हळुवार वाजवत असाल तर खालच्या. इलेक्ट्रिकला सहावी १.६ ते २.० पुष्कळ झाली.

आता साधं गणित. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे जेवढी उंची कमी हवी त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं. मला ३.१ वरून २.५ वर यायचं होतं, म्हणजे ०.६ कमी, म्हणून सॅडल १.२ मिलिमीटर.

तारा सैल करा, सॅडल पकडीने अलगद वर खेचा. घासायचं ते तळाकडून, वरची गोलाई तशीच राहू द्यायची. पेन्सिलने रेघ मारा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पॉलिश पेपर चिकटपट्टीने चिकटवा (घरच्यांना विचारून) आणि सॅडल काटकोनात धरून एकाच दिशेने ओढा. रेघेच्या अर्धा मिलिमीटर आधी थांबा, बसवा, तारा चढवा, मोजा. कंटाळवाणं आहे, पण घासलेलं सॅडल परत येत नाही. तळ सपाट राहिला नाही तर सॅडलखाली पिकअप (तारेचं कंपन ॲम्प्लिफायरकडे पाठवणारा भाग) असलेल्या गिटारवर एखादी तार ॲम्प्लिफायरमधून मुकी वाजते.

इलेक्ट्रिकवाल्यांना यातलं काहीच नाही, सॅडलचा बारीक स्क्रू फिरवला की झालं. स्ट्रॅटच्या ट्रेमोलोचा हात (सूर हलवायचा दांडा) तुम्ही वापरतच नसाल तर मागच्या खाचेत लाकडाचा तुकडा बसवून ब्रिज, म्हणजे सॅडल ज्यावर बसतं तो भाग, जाम करा. एरिक क्लॅप्टनच्या स्ट्रॅट अशाच असतात. सूर टिकण्याची कटकट निम्म्याने कमी होते.

झणझण कुठून येते

तंबोऱ्याच्या बाबतीत आपण मिरजेला जाऊन घोडी घासून घेतो, वर सुताचा दोरा सरकवतो, तेव्हा कुठे जवारी, ती गुंजणारी झणझण, निघते. गिटारमध्ये तीच जवारी नको असते, आणि ती कुठे वाजते यावरून दोष कळतो. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नट. पहिल्या चार-पाच फ्रेटमध्ये असेल तर नेक जास्तच सरळ झालाय, रॉड पाव फेरा सैल करा. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली गेलंय. एकाच ठिकाणी असेल तर पुढचा फ्रेट वर आलाय: एटीएम कार्डाची कड तीन फ्रेटवर ठेवून बघा, डुगडुगली की सापडला. तो ठोकून बसवायचं काम कारागिराचं.

आणि इलेक्ट्रिकवरची जी झणझण ॲम्प्लिफायरमधून ऐकू येत नाही, तिच्यामागे लागू नका.

इंटोनेशन

इंटोनेशन म्हणजे दाबलेल्या फ्रेटवर सूर खरा लागणं. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून), मग तीच तार तिथे दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही सूर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर नेककडे पुढे. अकूस्टिकला सॅडल हलत नाही. तिथे सगळ्या तारा थोड्याफार चढ्या येत असतील तर आधी उंची तपासा. तार जितकी लांब खाली दाबाल तितकी ती ताणली जाते आणि सूर चढतो. दोन-तीन सेंट्सचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक सोडून द्या.

आणि मी केलेली घोडचूक

हे सगळं नीट करून मी जुलैत २.५ वर आलो. दोन महिने मजेत गेले. जानेवारीत तीच गिटार खालच्या फ्रेटपासून वरपर्यंत झणझणायला लागली. मोजलं तर २.०.

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते, लाकूड पाणी पितं, ब्रिजमागचं पोट फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. हिवाळ्यात पोट बसतं, तारा खाली. म्हणजे मी गिटारचं नाही, पावसाळ्याचं सॅडल घासलं होतं. मित्राच्या गिटारला यातलं काही का झालं नाही? तिचा टॉप, म्हणजे पोटाची वरची फळी, प्लायचा, थर आडवे-उभे चिकटवलेले, तो फारसा हलत नाही. माझा महागाचा सॉलिड टॉप, अखंड लाकडाचा, त्याला हवा लगेच लागते. विदर्भात मे महिन्यात याच्या उलट होतं: फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात.

म्हणून सॅडलला हात लावायचा तो हवा कोरडी असताना, आमच्याकडे नोव्हेंबरनंतर. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक. ओल येणाऱ्या भिंतीवर गिटार टांगू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका, डिंक मऊ होऊन ब्रिज सुटतो.

आता माझ्याकडे हाडाची दोन सॅडल आहेत. एकावर पेन्सिलने 'पा' लिहिलंय, दुसऱ्यावर 'हि'. केसच्या खिशात एक कार्ड आहे, त्यावर तारीख, गेज, बाक आणि दोन्ही उंच्या. मागच्या आठवड्यात एकाने गिटार हातात घेतली, बार कॉर्ड धरला आणि विचारलं, कितीला घेतलीस. मी त्याला कार्ड दिलं.