कृष्ण तेजोमेघ शोधताना होणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा ओसरल्यावर येणाऱ्या पहिल्या अमावस्येला कोल्हापूरच्या बाहेर जाऊन आकाशदर्शन करणाऱ्या हौशी मंडळींकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. तारकागुच्छ दिसले, शनीची कडीही दिसली, पण नकाशावर ठळकपणे दाखवलेला कृष्ण तेजोमेघ काही केल्या सापडला नाही. अशा वेळी बहुतेक जण अधिक मोठ्या दुर्बिणीचा विचार करू लागतात. माझ्या अनुभवात दुर्बीण अपुरी पडल्याचे प्रसंग थोडे आहेत. बहुतेक वेळा मुळात काय शोधायचे आहे, याचाच गोंधळ झालेला असतो. कृष्ण तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूचा आणि धुळीचा ढग. त्याला स्वतःचा दृश्य प्रकाश जवळजवळ नसतो आणि मागच्या ताऱ्यांचा उजेड तो अडवतो म्हणूनच तो आपल्याला दिसतो. त्यामुळे आधी मागचा उजेड शोधावा लागतो आणि मगच त्यातला अंधार हाती लागतो. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सर्व चुका हा क्रम विसरल्यामुळे होतात.

पोकळी किंवा कृष्णविवर समजणे

आकाशगंगेच्या पट्ट्यातला काळा डाग पहिल्यांदा पाहणारा माणूस तिथे तारेच नाहीत, असे समजतो, आणि अलीकडे तर 'हेच का कृष्णविवर?' असा प्रश्न हमखास येतो. पहिल्या समजुतीत कमीपणा वाटण्यासारखे काही नाही, कारण एडवर्ड बर्नार्ड यांच्यासारखा असामान्य निरीक्षकही कित्येक वर्षे या डागांना ताऱ्यांमधली भोके मानत होता. १९१३ च्या उन्हाळ्यात धनू राशीचे छायाचित्रण करताना त्यांना तेजस्वी तारकामेघांवर पृथ्वीवरचे छोटे ढग काळ्या ठिपक्यांसारखे तरंगताना दिसले. आपल्या छायाचित्रांतल्या काळ्या डागांशी असलेले त्यांचे साम्य बर्नार्ड यांच्या मनात ठसले. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ डागांची यादी प्रसिद्ध केली आणि आजही आपण 'बर्नार्ड ३३', 'बर्नार्ड ८६' हे क्रमांक त्याच परंपरेतून वापरतो. ताऱ्यांमधल्या अवकाशात प्रकाश शोषणारे द्रव्य सर्वत्र पसरलेले आहे, हे खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी १९३० मध्ये तारकागुच्छांच्या अभ्यासातून दाखवल्यावर भोकांच्या कल्पनेला आधार उरला नाही.

या मेघांत मुख्यतः हायड्रोजनचे रेणू असतात. धुळीचे वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का असते, परंतु सिलिकेट आणि कार्बनचे हे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असल्यामुळे दृश्य प्रकाश अडवण्याचे काम तेच करतात. निळा प्रकाश अधिक अडतो, तांबडा कमी आणि अवरक्त (इन्फ्रारेड) त्याहून कमी. म्हणून भुजंगधारी तारकासमूहातील बर्नार्ड ६८ हा सुमारे अर्धा प्रकाशवर्ष रुंदीचा गोळा दृश्य प्रकाशात शाईच्या डागासारखा काळा दिसतो, पण अवरक्त छायाचित्रात त्याच्यामागचे तारे एकेक करून उमटतात. आतले तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि अशाच थंड, दाट जागी पुढे तारे जन्मतात. हे समजून घेतल्यावर त्या काळ्या डागाकडे बघण्याची नजर पार बदलते, असे मला मनापासून वाटते.

जागा निवडताना दिशा न पाहणे

या चुकीवर मी मुद्दाम अधिक लिहितो आहे, कारण माझी पहिली दोन वर्षे तिच्यातच गेली. आकाशदर्शन म्हटले की आपली पावले पन्हाळा आणि मसाई पठाराकडे वळतात. जागा उंच आहे, मोकळी आहे आणि शहरापासून वीसेक किलोमीटरवर असल्यामुळे सोयीचीही आहे. परंतु तिथून कोल्हापूर शहर आग्नेयेला येते आणि मे महिन्यात धनू रास रात्री साडेनऊनंतर नेमकी त्याच दिशेने वर येते. म्हणजे आकाशगंगेचा सर्वांत समृद्ध भाग मध्यरात्र उलटेपर्यंत शहराच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या उजेडाच्या घुमटावरच असतो. मी तिथे रात्री अकरा वाजता द्विनेत्री (बायनॉक्युलर) लावून बसत असे आणि काहीच दिसत नाही म्हणून साडेबाराला परत फिरत असे. पहाटे पावणेतीनच्या सुमारास तोच भाग बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर येतो आणि उजेडाचा घुमट डाव्या हाताला राहतो, हे लक्षात आल्यापासून पन्हाळ्याबद्दल माझी तक्रार उरली नाही.

राधानगरी आणि गगनबावड्याच्या बाजूला गेल्यास शहर ईशान्येकडे, म्हणजे पाठीमागे राहते आणि दक्षिण आकाश मोकळे मिळते. मात्र राधानगरी परिसर गव्यांचा आहे. अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबण्याचा विचारही करू नये. गावाजवळच्या ओळखीच्या शेतात परवानगी घेऊन बसावे. गगनबावड्याला धुके लवकर उतरते, म्हणून तिथे आदल्या दिवसाच्या हवेवरून अंदाज न बांधता संध्याकाळी तिथल्या कोणाला तरी फोन करून विचारावे.

ऋतू आणि पक्ष यांचा मेळ न घालणे

केवळ अमावस्येची तारीख पाहून बेत आखणे पुरेसे नाही. मे महिन्यात आपल्याला मध्यरात्रीनंतरचे आकाश हवे असते, म्हणून अमावस्येपासून शुक्ल सप्तमीपर्यंतच्या रात्री उपयोगी पडतात, कारण तोपर्यंत चंद्र मावळलेला असतो. ऑक्टोबरमध्ये आपण तिन्हीसांजेनंतर लगेच पाहतो, म्हणून वद्य षष्ठीपासून अमावस्येपर्यंतचे दिवस चालतात. पंचांग घरात असतेच. फक्त ते या नजरेने पाहावे लागते.

ऋतूंमध्ये माझे झुकते माप ऑक्टोबरला आहे. पावसाने हवा धुतलेली असते, उसाचा गळीत हंगाम अद्याप भरात आलेला नसतो आणि संध्याकाळी साडेसातला हंस व गरुड हे तारकासमूह जवळजवळ डोक्यावर असतात. आकाशगंगेला मधोमध चिरत जाणारी काळी पट्टी हंसापासून सुरू होऊन गरुडावरून दक्षिणेकडे उतरते आणि ती पाहायला कोणतेही साधन लागत नाही. पुढे कारखान्यांचा धूर, पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि पंचगंगेकाठचे पहाटेचे धुके एकत्र आले की मैदानी भागातून ही पट्टी पुसट होत जाते. उन्हाळ्यात वळवाची एखादी सर पडून गेल्यानंतरची रात्र कधीही वाया घालवू नये.

हिवाळ्यात मृग आणि वृषभाच्या परिसरात कृष्ण तेजोमेघ शोधणाऱ्यांचीही निराशा होते. वृषभातला मेघ आपल्यापासून सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर, म्हणजे बऱ्यापैकी जवळ आहे, परंतु ती दिशा आकाशगंगेच्या केंद्राच्या विरुद्ध असल्यामुळे मागे ताऱ्यांची दाटी कमी आहे. धूळ आहे, पण तिला उठाव देणारा पडदा फिका आहे.

वर्धन वाढवत जाणे

ग्रह पाहण्याच्या सवयीमुळे हात आपोआप अधिक वर्धनाच्या, म्हणजे प्रतिमा अधिक मोठी करणाऱ्या नेत्रिकेकडे (आयपीसकडे) जातो. तंबाखू ओढण्याच्या नळीच्या आकाराचा पाइप तेजोमेघ सुमारे सात अंश लांब आहे. दुर्बिणीच्या एक अंशाच्या दृश्यक्षेत्रात तो कधीच मावणार नाही आणि काठ दिसला नाही तर डोळ्याला डाग आहे हेच कळणार नाही. त्यासाठी नुसते डोळे किंवा ७×५० अथवा १०×५० ची द्विनेत्री हेच योग्य साधन आहे. ज्येष्ठा तारा आणि धनू यांच्या मधल्या भागात पाहावे. नळीची दांडी ज्येष्ठेच्या बाजूला जाते आणि भांडे पूर्वेला राहते.

कोल्हापूरकरांनी गरुडातील बर्नार्ड १४२ आणि १४३ या जोडीपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. श्रवण ताऱ्याच्या उत्तरेला असलेल्या नारिंगी ताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे दीड अंशावर, पूर्ण चंद्रबिंबाएवढ्या जागेत रोमन 'ई' अक्षरासारखा काळा आकार दिसतो. आपल्या अक्षांशावरून हा भाग खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून अवघ्या सहा अंशांवरून जातो, म्हणजे आपल्याला वातावरणाचा सर्वांत पातळ थर मिळतो. दुर्बीण वापरायचीच असेल तर धनूमधील बर्नार्ड ८६ घ्यावा. एनजीसी ६५२० हा लहानसा तारकागुच्छ त्याला अगदी खेटून असल्यामुळे उजेड आणि अंधार एकाच चौकटीत येतात.

याउलट मृगातील घोडामुखापासून, म्हणजे बर्नार्ड ३३ पासून कोणीही सुरुवात करू नये. विल्यमिना फ्लेमिंग यांना तो १८८८ मध्ये छायाचित्राच्या काचेवर सापडला आणि आजही तो प्रामुख्याने छायाचित्रांतच शोभतो. जेमतेम पाच-सहा कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) हा आकार एका अतिशय मंद लाल पट्ट्यावर उभा आहे, आणि डोळ्यांनी तो दिसण्यासाठी मोठी दुर्बीण, विशेष फिल्टर व निखळ काळोख हे तिन्ही लागतात.

फिल्टरवर भिस्त ठेवणे

तेजस्वी तेजोमेघांसाठी घेतलेला अरुंद पट्ट्याचा फिल्टर इथे लावल्यास नुकसानच होते. त्या मेघांचा प्रकाश ठरावीक तरंगलांबींचा असतो, पण कृष्ण तेजोमेघामागचा पडदा ताऱ्यांचा असतो आणि ताऱ्यांचा प्रकाश सर्व रंगांत विखुरलेला असतो. फिल्टर शहरी उजेडाबरोबर तो पडदाही झाकतो. मागे तेजस्वी वायू असलेला घोडामुख हा याला अपवाद आहे.

ढग आणि तेजोमेघ यांत गल्लत

खऱ्या अंधाऱ्या जागी ढग पांढरे दिसत नाहीत, तर ताऱ्यांवरचे काळे भोक वाटतात. एखादा नवा काळा डाग दिसल्यास शेजारचे दोन तारे हेरून दहा मिनिटे थांबावे. डाग ताऱ्यांसोबत सरकला तर तो आकाशगंगेतला आहे आणि तारे सोडून गेला तर सह्याद्रीवरून आलेला आहे. या थांबण्याच्या काळात मोबाइल खिशातच ठेवावा. डोळे अंधाराला सरावायला किमान वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पडद्यावरची एक नजर ती सगळी तयारी घालवते.

छायाचित्रात खरी धूळ पुसून टाकणे

भिंगामुळे चौकटीच्या कोपऱ्यांत येणारी काळोखी अनेकांना तेजोमेघ वाटते. ती ओळखण्यासाठी कॅमेरा थोडा वळवून दुसरे छायाचित्र घ्यावे. काळोखी कोपऱ्यातच राहिली तर ती भिंगाची आहे. उलट चूक अधिक वाईट आहे. शहरी उजेडाचा चढउतार काढून टाकणारे सॉफ्टवेअर पार्श्वभूमीचे नमुने घेते, आणि तो नमुना नेमका धुळीवर पडला तर धुळीलाच 'रिकामे आकाश' मानून तिचा काळेपणा सपाट केला जातो. नमुन्यांच्या जागा हाताने निवडाव्यात. मोबाइलमधली आपोआप उजळणी तर बंदच ठेवावी.

दक्षिण क्षितिज सोडून देणे

दक्षिणेकडच्या त्रिशंकू (सदर्न क्रॉस) तारकासमूहाजवळचा कोळशाचे पोते नावाचा कृष्ण तेजोमेघ महाराष्ट्रातून दिसत नाही, असे समजून बरेच जण प्रयत्नच करत नाहीत. कोल्हापूरहून तो क्षितिजावर जास्तीत जास्त दहा अंश, म्हणजे हात लांब केल्यावर एका मुठीएवढा वर येतो. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास त्रिशंकूच्या खालच्या ताऱ्याच्या डाव्या हाताला पाहावे. समोर डोंगर किंवा गावाचे दिवे नसावेत आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला असावा. हे सगळे जमून आले तरी तो फिकटच दिसतो, पण सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरची ती धूळ आपल्या जिल्ह्यातून साध्या डोळ्यांनी टिपता येते.